झाकल्या मुठीची गोधडी

अक्काचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर नाही, कोणी हाक मारणारं नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात पहिली पाळी पाचची, आणि पाचची पाळी म्हणजे पाचला हात पाण्यात, दारात चप्पल काढत उभं राहणं नव्हे, असं तिचं म्हणणं. उभ्याउभ्या चहा घ्यायची आणि चालत निघायची. नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली, पण अजून चारलाच उठते. "डोळा उघडतो, त्याला मी काय करू?" म्हणते.

ही माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आईच्या मागे आईच्याच दोन खोल्यांत एकटी राहते. मी दोन गल्ल्या सोडून. मी गवंडी. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा थांबलो.

अक्काने जन्मभर पांढरं धुतलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट. आधी हौदावर होती, मग वाफेच्या रोलरवर. ओली चादर रोलरमध्ये घालायची तर दोघींनी दोन टोकं धरून एकदम सोडायची असतात. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते आणि चुणी पक्की बसते. अक्काच्या जोडीला उभं राहायला नव्या पोरी घाबरायच्या. शेवटची वर्षं ती तपासणीच्या टेबलावर होती. तिथे तिचं नाव पडलं डागबाई. चहाचा पुसटसा डागही तिला सापडायचा आणि चादर परत हौदात जायची. "चादर पांढरी असते किंवा नसते," ती म्हणायची. "जवळजवळ पांढरी अशी चादर नसते."

नीळ तिच्या हाताची. पांढरं कापड धुऊन धुऊन पिवळट पडतं. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ घातली की तो पिवळेपणा मरतो. कमी पडली तर कापड कळकट, जास्त झाली तर निळं. मोठ्या हौदाला किती घालायची ते अक्का पाण्याकडे बघून ठरवायची. पुढे नवी पावडर आली आणि निळीचं काम संपलं. धुलाईघराने नीळ सोडली, अक्काने सोडली नाही. मोरीच्या फळीवर तिची निळीची बाटली कायम.

माझी बायको दर बुधवारी दुपारी गोधड्या शिवायला जाते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली आहे, तिथे दहाबारा बायका जमतात. शिकवते एक निवृत्त शिवणशिक्षिका. सगळ्या तिला मास्तरीण म्हणतात, तोंडावरसुद्धा. ही मास्तरीण वर्षातून एकदा एक खेळ मांडते. पूर्ण गोधडी कशी दिसणार हे फक्त तिला ठाऊक. बाकीच्यांनी आधी पाच कापडं आणायची: एक तळाचं, एक गडद, एक मध्यम, एक फिकट आणि एक उठावाचं. मग दर बुधवारी ती तोंडी सांगणार, आज गडदाच्या एवढ्या पट्ट्या कापा, फिकटाचे एवढे त्रिकोण कापा, हे त्याला जोडा. पुढचं काय ते पुढच्या बुधवारी. नक्षी शेवटच्या दिवशी कळते. बायकांनी या खेळाला नाव ठेवलंय झाकली मूठ. मूठ सव्वा लाखाची निघते की रिकामी, ते पाच कापडं निवडतानाच ठरून गेलेलं असतं, आणि निवडणाऱ्याला काही पत्ता नसतो. मला असलं काम झेपणार नाही. नकाशा न बघता मी कधी वीट ठेवली नाही.

बायकोने अक्काला सहज विचारलं, "वन्सं, येता का यंदा?" दरवर्षी विचारते, दरवर्षी अक्का म्हणते, चांगलं कापड कापून परत जोडायचं हा कसला उद्योग. यंदा म्हणाली, "येते."

बायको घरी येऊन मला म्हणाली, "तुमच्या बहिणीला बरं आहे ना?"

कापडं घ्यायला दोघींबरोबर मीही गेलो, पिशव्या धरायला. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाची ठाणं. दिवे लावलेले. अक्का दारातच थबकली. "दिवे एवढे मंद का ठेवलेत?" तिने विचारलं. दुकानदाराने वर दिव्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मला ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण नक्की कुठे ते आठवलं नाही.

रंग निवडायची अक्काची पद्धत मी कुठे पाहिली नव्हती. ती रंगाकडे बघतच नव्हती. आधी कापड चिमटीत धरून चोळायची, मग उजेडाकडे धरून वीण बघायची, मग रुमालाचं टोक पाण्यात भिजवून कापडावर घासायची. रुमालाला रंग लागला की ठाण बाद.

"मावशी, हा आमचा सगळ्यात खपणारा लाल आहे," दुकानदार म्हणाला.

"खपत असेल. पहिल्या धुण्यात शेजारच्याला पण लाल करेल."

"धुवायच्या आधी कोणी असं धुऊन बघत नाही हो."

"म्हणून तर धुलाईघरं चालतात."

एक लाल टिकला. एक पानाचा हिरवा टिकला, एक फिकट गुलाबी. गडदासाठी तिने वरच्या फळीवरच्या ठाणाकडे बोट केलं. दुकानदाराने काढलं. चांगलं टप्पोऱ्या जांभळासारखं जांभळं होतं. अक्काने घासलं, रंग सुटला नाही. "हे बरं आहे. शांत आहे," ती म्हणाली. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. शांत? मी तोंड उघडणार तोच तिने मला कोपराने ढोसलं. बाई आयुष्यात पहिल्यांदा रंग निवडतेय, मध्ये कोण बोलणार?

तळाला पांढरं हवं होतं. तिथे मात्र अडलं. दुकानदाराने एक पांढरं काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं.

"ही सगळी जुनी आहेत," अक्का म्हणाली.

"जुनी? परवा गाठोडं फोडलंय!"

"पिवळी पडलीत."

दुकानदाराने ठाण बाहेर उन्हात नेऊन दाखवलं. मला तर दूध दिसत होतं. अक्काने ओठ मुडपले आणि म्हणाली, "राहू दे. घरी नीट करून घेईन."

बुधवारी काय झालं ते बायकोने मला जेवताना सांगितलं. सगळ्याजणींनी टेबलावर कापडं मांडली. मास्तरीण एकेकीजवळ थांबत होती. अक्काजवळ आली आणि म्हणाली, "वा! पांढऱ्याऐवजी आकाशी? छान. सगळ्यांची तळं पांढरी, तुमचं वेगळं."

अक्काने कापड जवळ ओढलं. मग म्हणाली, "हो. पांढऱ्याचा जन्मभर कंटाळा आला."

सगळ्या हसल्या. टाळी दिली. बायको मात्र हसली नाही. ती दुकानात होती. पांढरं कापड घेताना तिने पाहिलं होतं.

"वन्सं थाप मारताना मी आज पहिल्यांदा पाहिलं," ती म्हणाली. "आणि थाप मारताना त्यांचा हात कापडावर असा फिरत होता, जणू ते कापड कुठे आहे ते शोधतायत."

तेव्हा मला ते वाक्य आठवलं. दिवे एवढे मंद का ठेवलेत. आई म्हणायची. आधी दिव्यांवरून कुरकुर, मग पेले लवंडायला लागली, मग दाराच्या चौकटी लागायला लागल्या. डोळ्याच्या आत दाब वाढतो, तो आजार. कळलं तेव्हा उशीर झाला होता. इस्पितळात सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. पुढची सगळी वर्षं अक्का तिला हाताला धरून मोरीपर्यंत नेत होती. पाळीवर जायच्या आधी आणि आल्यावर.

सकाळी मी गेलो. अंगणात दोरीवर धुणं होतं. दोन चादरी, तीन अभ्रे, एक टॉवेल. सगळं निळं. फिकट नाही, चांगलं निळं. मोरीत बादलीत गोधडीच्या कापडाचा उरलेला तुकडा अजूनही निळीत भिजत होता.

"अक्का, दोरीवर काय आहे?"

"चादरी आहेत. डोळे फुटले का तुझे?"

"कुठल्या रंगाच्या?"

तिने तांब्या पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला.

"बाळ्या, चहा घे आणि जा."

सहासष्ट वर्षांच्या माणसाला जगात बाळ्या म्हणणारं एकच माणूस उरलंय. मी बसलो.

"झाकली मूठ तिकडे वाचनालयात," मी म्हणालो. "माझ्यापुढे नको."

मग ती बोलली. उजेड कमी होत चाललाय असं तिला वर्षभर वाटत होतं. पांढरं पांढरं दिसेना, म्हणून नीळ घालायची. तरी दिसेना, म्हणून आणखी घालायची. तिला वाटलं पाणी खराब आहे, मग वाटलं नीळ भेसळीची आहे, दोनदा दुकान बदललं. काल मास्तरीण आकाशी म्हणाली तेव्हा तिला कळलं की खोट निळीत नाही.

"आईचंच आलंय," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं येणार."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"काय सांगणार ते? आईला जे सांगितलं तेच."

"मग काय ठरवलंयस?"

ठरवलं होतं. अक्काने न ठरवता काही ठेवलंय असं कधी झालं नाही. गावाबाहेर एक आश्रम आहे, न दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. ती बसने जाऊन खोली बघून आली होती. भिंतीला दोरी बांधलेली, धरून चालायला. "स्वच्छ आहे," म्हणाली. "चादरी बऱ्या धुतात." नोकरी संपताना हातात आलेले पैसे तिने त्या खोलीसाठी बाजूला ठेवले होते.

"मी मेलोय का?" मी म्हणालो. आवाज चढला माझा.

"तू आहेस. तुझे गुडघे नाहीत. मला मोरीपर्यंत कोण नेणार, तू? दोघं पडू." ती जराशी हसली. "मी आईला नेलंय. मला माहीत आहे ते काय काम असतं. ते काम मी कुणावर टाकणार नाही."

"आणि गोधडी?"

"पांढऱ्यात जन्म गेला," ती म्हणाली. "म्हटलं, दिसतंय तोवर एक रंगीत काहीतरी हातून व्हावं."

चहा घेतला. मग म्हणालो, "तू टेबलावर असताना एखादी पोरगी न बघताच चादर पास करायची, तिला काय म्हणायचीस?"

"घरी पाठवायची."

"मग तू न बघता आजार पास केलास, त्याचं काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, तांब्या येतोय. आला नाही. म्हणाली, "उद्या सकाळी. आणि तुझ्या बायकोला सांगू नकोस." बायकोला सगळं आधीच कळलेलं होतं, पण हो म्हणालो.

डोळ्यांचा विभाग त्याच इस्पितळात. बाकावर बसल्यावर येणाराजाणारा प्रत्येक वॉर्डबॉय "डागबाई, इकडे कुठे?" विचारत होता आणि अक्का प्रत्येकाला "भावाचे डोळे दाखवायला" सांगत होती. मी मुकाट डोळे चोळत बसलो.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने आधी डोळ्यातला दाब मोजला. मग थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, मग यंत्रातून बघितलं. एक डोळा, दुसरा डोळा, पुन्हा पहिला. अक्काने माझं मनगट धरलं होतं. रोलरवर चादरी ओढलेला हात तो. दुसऱ्या दिवशी वळ होता.

"आईला काय होतं म्हणालात?"

मी सांगितलं.

"दाब अगदी व्यवस्थित आहे. आतली नसही चांगली आहे. ते यांना नाही." डॉक्टरीण खुर्ची मागे सरकवून बसली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डोळ्यातली काच पिवळी पडलीय, त्यामुळे पांढरं पिवळट दिसतं, निळं-जांभळं मळकं दिसतं. एवढे दिवस आला का नाहीत?"

अक्काने माझं मनगट सोडलं. मग विचारलं, "म्हणजे मी आंधळी होत नाही?"

"काच बदलली की नाही होणार. आईचा इतिहास आहे, तेव्हा दाब मात्र दरवर्षी मोजून घ्यायचा."

"काच धुता नाही येत?"

"नाही. बदलायचीच."

"मग बदला," अक्का म्हणाली. "आत्ता वेळ आहे मला."

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि रडली. मीही तोंड फिरवून बसलो. मघाचा वॉर्डबॉय परत जाताना थांबला. "काय हो, भावाचं काही गंभीर आहे का?" अक्काने डोळे पुसले. "नाही रे. नुसता मळ होता," म्हणाली, आणि हसायला लागली ती थांबेना. वॉर्डबॉयने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेला.

शस्त्रक्रिया कामगार विम्यात बसली. आधी उजवा डोळा, काही आठवड्यांनी डावा. मधल्या बुधवारी अक्का वाचनालयात जातच होती. कापडं तिला बोटांनी ओळखू यायची. प्रत्येकाची वीण वेगळी, तिने दुकानात चोळून बघितली होती ती लक्षात होती. दोरा मात्र बायको ओवून द्यायची. मास्तरीण सांगेल ते कापायची आणि जोडायची, आणि इतर बायकांसारखं पुढचं काय म्हणून एकदाही विचारलं नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी तिथे होतो. अक्काने डोळा उघडला. समोर डॉक्टरीणबाई उभी होती. अक्काने तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या कोटाकडे बघितलं.

"नीळ जास्त झालीय," ती म्हणाली.

नर्स म्हणाली, "नीळ आता कोण घालतं, अक्का? नवी पावडर आली आणि संपलं ते."

"मग हे काय?"

"हे पांढरं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "विसरला होतात. होईल सवय."

घरी आली तर दोरीवर धुणं तसंच निळं होतं. फाटकाशी उभी राहून तिने ते बघितलं. पावलं पुढे टाकेना. "अरे देवा," म्हणाली. "गल्लीतल्या लोकांनी हे वर्षभर बघितलं? आणि एक जण बोलला नाही?"

"बोलले की," मी म्हणालो. "तू इस्पितळात असताना मला विचारत होते, अक्काने रंगाचं काम घेतलंय का."

मग आत गेली आणि पिशवीतून गोधडीचे जोडलेले चौकोन काढले. ओरडली.

"हे जांभळं कुणी घातलं?"

बायको म्हणाली, "तुम्हीच, वन्सं."

"मी कॉफीचा रंग घेतला होता!"

"तुम्ही शांत रंग घेतला होता."

"आणि तुम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून उभे होतात?"

"तुम्ही एवढ्या ठामपणे बोट केलंत," बायको म्हणाली, "मला वाटलं, बाई धाडसी आहे."

अक्का चौकोन हातात धरून बसली. लाल, हिरवा, गुलाबी, जांभळा आणि तो निळा पडलेला पांढरा. पाच कापडं पाच दिशांना तोंडं करून बसलेली. मास्तरणीने नंतर तिला सांगितलं, बदलायचं असेल तर आत्ताच उसवा, शेवटचा भाग जोडल्यावर उसवता येणार नाही. अक्काने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाली, "शिवण सरळ आहे. दिसत नव्हतं तरी सरळ आलीय. उसवणार नाही."

शेवटच्या बुधवारी मलाही वर बोलावलं. मास्तरणीने सांगितलं, चौकोन आता कोपऱ्याला कोपरा लावून जोडा. जोडले. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटले तिथे चांदणी उमटली, आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. तळाचं म्हणून घेतलेलं कापड चांदणीचं निघालं होतं, आणि गडद मागे जाऊन आभाळ झालं होतं. इतरांच्या चांदण्या पांढऱ्या, नीटनेटक्या. अक्काच्या निळसर, जांभळ्यावर, दिवस मावळून दिवे लागायच्या वेळी दिसतात तशा. माझी बायको स्वतःची गोधडी सोडून तिचीच बघत होती. एक बाई म्हणाली, "अक्का, हा निळा कुठल्या दुकानातला?"

"दुकानात मिळत नाही," अक्का म्हणाली. "मोरीत मिळतो."

राहता राहिले आश्रमासाठी ठेवलेले पैसे. मला वाटलं, बँकेत पडून राहतील. आठवड्याने तिने मला बोलावलं आणि पुढच्या खोलीची भिंत दाखवली. त्या खोलीत आईच्या वेळचं एकच हातभर खिडकीचं भोक होतं.

"इथे मोठी खिडकी पाडायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली शिवणाचं मशीन बसलं पाहिजे."

भिंत जुन्या विटेची, जाड. वरचा भार आधी टेकूवर घ्यावा लागतो, मग तुळई बसवायची, मग खालचं पाडायचं. घाई केली तर छप्पर डोक्यात. गुडघ्यांमुळे दोन माणसं हाताखाली घेतली, पण तुळई मी स्वतः बसवली आणि ओळंबा मी स्वतः लावला. मजुरी नको म्हणालो. अक्काने पैसे मोजून खिशात कोंबले. "फुकट काम वाकडं होतं," म्हणाली. "माझ्या कष्टाचे आहेत, तुझ्या कष्टाला चालतील." ते खरं होतं, म्हणून घेतले.

खिडकी सरळ आहे. काच एक सलग, मध्ये दांडा नाही. बायकोने विचारलं, "वन्सं, पडदा कुठल्या रंगाचा लावायचा?" अक्का म्हणाली, पडदा नको.

काच मात्र रोज पुसते, पहाटे चारला उठल्यावर. एकदा मी म्हणालो, अंधारात काय दिसतं तुला त्या काचेत?

"काही नाही," ती म्हणाली. "पण उजाडायच्या आत स्वच्छ पाहिजे."